मुराळी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर दळण आणलं. बाजरीचं. वारूळवाडीच्या गिरणीत गर्दी होती. ही बाहेर कट्ट्यावर बसून दुसऱ्या बायांशी बोलत होती आणि मी गाडीला टेकून उगाच उभा होतो. पीठ निघालं ते इतकं गरम, की हिनं मांडीवर पदराची घडी घालून वर पिशवी घेतली आणि माझ्या मागं आडवी बसली. "हं, चला," म्हणाली. हे हिचं ठरलेलं. तिनं "हं, चला" म्हटल्याशिवाय मी कधी गाडी हलवली नाही. येताना पाठीला पिठाची ऊब लागत होती. कालव्याच्या पुलाजवळ कुत्रं आडवं आलं. ते मला दिसायच्या आत हिची खांद्यावर थाप पडली, मी हात सैल सोडला, कुत्रं गेलं. घरी आल्यावर हिनं पीठ डब्यात ओतलं, वरून हात फिरवून सपाट केलं आणि म्हणाली, "ह्या खेपेला बारीक दळलंय." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढायला गेली ती गोठ्यातच पडली. नारायणगावला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, डोक्यातली शीर फुटली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याच्यावर मला लिहिता येणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस, आणि बरं वाटावं म्हणून गोड बोलायची मला सवय नाही. पण सून म्हणाली, दादा, तुम्ही गाडी शिकला ते तरी लिहा, तेवढं सांगताना तुम्ही हसता. म्हणून ते लिहितो. हसायला येतंय का बघू.

आमचं घर येडगावला, धरणाच्या पाण्यापासून हाकेवर. घरात माझा बाप, त्याला आम्ही तात्या म्हणायचो, माझी आई, मी आणि नुकतीच आलेली ही. हिचं नाव इंदू. मी ते कधी घेतलं नाही. तेव्हा बायकोला नावानं हाक मारायची रीत नव्हती. "अगं" म्हटलं की तिला कळायचं आणि "अवं" म्हटलं की मला. सकाळ व्हायची ती जात्यानं नाही, आईच्या खोकल्यानं आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांनी. बैल दोन, पाखऱ्या आणि हरण्या. मी मिसरूड फुटायच्या आधीपासून बैलगाडी हाणत होतो. शाळेत मन लागलं नाही, ते कासऱ्यात लागलं. कासरा म्हणजे बैलाच्या वेसणीची दोरी. ती सैल सोडली की बैल चालतो, ओढून धरली की थांबतो. माझ्या हाताला एवढंच ठाऊक, आणि ते इतकं मुरलेलं, की झोपेत कुणी माझ्या हातात दोरी दिली असती तरी मी बरोबर हाणली असती.

घरात म्हशी वाढल्या आणि दूध नारायणगावला पोचवायला बैलगाडी पुरेना. उन्हाळ्यात पोचेपर्यंत दूध नासायचं. मग तात्यानं मोटरसायकल घ्यायची ठरवली. नारायणगावच्या बाजारपेठेत एक मारवाडी शेठ होता, त्याच्याकडं जुन्या गाड्या विकायला यायच्या. माणूस चार पिढ्या इथलाच, मराठी आमच्यापेक्षा चांगली बोलायचा. मी गेलो तो सरळ एका मोठ्या काळ्या गाडीवर जाऊन बसलो. शेठनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, "उतर. तुला येतीया का चालवायला?" मी म्हटलं, येईल. "मंग ही बघ," असं म्हणून त्यानं कोपऱ्यातली एक लहानशी लाल गाडी दाखवली. टाकी भोपळ्याएवढी, चाकं सायकलीपेक्षा जराशी जाड. म्हणाला, "शिकाऊ माणसानं हलकी गाडी घ्यावी. ही पडली तर तुझी तुला उचलता येईल. ती पडली तर चार माणसं बोलवावी लागतील." तात्याला हे पटलं. मी तोंड पाडून लाल गाडी घेतली.

चार माणसं हा शब्द माझ्या डोक्यात का राहिला कुणास ठाऊक. त्या दिवशी हिला खांदा द्यायला चार माणसं लागली. पिठाच्या पिशवीपेक्षा थोडी जड असेल ही. मी एकट्यानं नेली असती.

गाडी घरी आली ती बैलगाडीत घालून, कारण मला चालवता येत नव्हती. आईनं ती नव्या बैलासारखी ओवाळली. पुढच्या दिव्याला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि सवयीनं मूठभर पेंड दिव्यापुढं धरली. मग तिचं तिलाच हसू आलं. गाडी गोठ्यात बांधली. बांधली म्हणजे खरंच दाव्यानं बांधली, तात्याला चोराची भीती. रात्रीत पाखऱ्यानं तिचं सीट चाटून चाटून पांढरं केलं. तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागायचं. निळा धूर निघायचा आणि दुधाच्या किटल्या, शेण, कडबा ह्या सगळ्या वासांत तो एक नवा वास आला. मला अजून कुठं तसला धूर नाकात गेला की आमचा गोठा दिसतो.

मी शिकायला लागलो तो धरणाच्या कडेच्या मोकळ्या माळावर. गेअर जमला, पायातला ब्रेक समजला, सरळ जायला तर दोन दिवसांत यायला लागलं. अडचण थांबण्याची. पुढं काही आलं की माझा जीव घाबरायचा, आणि घाबरला की दोन्ही हात आपोआप छातीकडं ओढले जायचे, कासरा ओढल्यागत. तोंडातनं "हो, हो रं" निघायचं. आता मोटरसायकलची मूठ स्वतःकडं पिळली की ती काय करते, हे चालवणाऱ्याला सांगायला नको. ती थांबायची सोडून उधळायची. ती उधळली की मी आणखी ओढायचो. असा मी आमच्याच कडब्याच्या गंजीत घुसलो. शेजारच्या रामभाऊच्या शेणखताच्या ढिगात घुसलो, तेव्हा अख्खी आळी बघायला आली. रामभाऊ म्हणाला, "तात्या, तुझं पोरगं गाडीला हो हो म्हनतंय. तिला कान कुठं हायेत?" तात्या म्हणाला, "बैल वढला की थांबतो, ही वढली की पळती. उलट्या काळजाची जात हाय राव." मी गाडी उचलली. एकट्याला उचलता आली, शेठ खोटं बोलला नव्हता. ही गोठ्याच्या दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती, आणि मला तिच्याच हसण्याचा राग आला.

तसा मी दूध घेऊन जायला लागलो, पण थांबायची वेळ आली की आधीच लांबून गाडी बंद करायचो आणि गडगडत जाऊन उभा राहायचो. मागं कुणाला बसवायची छाती नव्हती.

मग श्रावण आला. हिची लग्नानंतरची पहिली पंचमी. आमच्याकडं पंचमीला सासुरवाशीण माहेरी जाते, पण ती आपली आपण जात नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर बाप, चुलता, कुणीतरी. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक सासरीच राहते, आणि सगळ्या गावाला कळतं की हिला विचारणारं कुणी नाही. हिचं माहेर अवसरी खुर्द. बाप ती लहान असताना गेलेला, भाऊ नाही, बहीण नाही, एकटी म्हातारी आई. एक चुलतभाऊ होता, त्यानं "मी येतो न्यायला" असा निरोप धाडला होता. आदल्या दिवशी बाया भावाचा उपास धरतात. हिनंही धरला. आई म्हणाली, "तुला कुठला भाऊ?" ही म्हणाली, "नागोबा हाय की. ज्यांना न्हाई त्यांचा त्योच भाऊ."

पंचमीच्या दिवशी हिनं पहाटेच डोकं धुतलं. लग्नातलं हिरवं लुगडं नेसली, लाह्यांची दुरडी बांधली आणि ओसरीच्या खांबाला टेकून रस्त्याकडं बघत बसली. आळीतल्या एकेकीचा मुराळी आला. कुणी सायकलवर, कुणी पायी, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या डोक्यावर नवी टोपी. एकेक लेक हसत निघून गेली. घरात आईनं पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती. त्या दिवशी आमच्यात चुलीवर तवा चढत नाही, विळी चालत नाही, शेतात नांगर लागत नाही. सगळं उकडून खायचं. तो गुळाचा वास घरभर, आणि ही बाहेर उपाशी. दुपार कलली. आई म्हणाली, "इंदू, दोन घास खाऊन घे." ही म्हणाली, "आईच्या हातचं खाईन." पण आवाज बदलला होता. चुलतभाऊ काही आला नाही. मागनं कळलं, तो स्वतःच्या सासुरवाडीला जाऊन जेवून झोपला होता.

मी तात्याला म्हटलं, गाडी जुंपू का. तात्या म्हणाला, "पंचमीला बैलाच्या मानंवर जू ठेवायचं न्हाई." मग राहिली ती लाल गाडी. मी ती बाहेर काढली तशी आई आडवी आली.

"कुठं निघालास?"

"हिला सोडाया. अवसरीला."

"बाप्यानं स्वतःच्या बायकोला माहेरी न्यायची असती व्हय? नवरा कधी मुराळी झालाय का? लोक शेण घालतील तोंडात."

"मंग दुसरं कोन यायचंय तिला न्यायला?"

तात्या तंबाखू मळत होता, तो मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे. पर त्याला थांबता येतंय का, त्ये इचार." खरी गोष्ट हीच होती. लोकांच्या बोलण्याचं मला काही नव्हतं. मला भ्या होतं ते रस्त्याचं. नाशिकच्या हमरस्त्यानं जायचं, कळंबवरनं मंचर, मंचरवरनं अवसरी, रस्त्याला कांद्याचे ट्रक, आणि दिवेलागणीच्या आत पोचायचं, कारण त्यानंतर बाया वारुळावरनं परत येतात आणि झोके सुटतात. पोचायला उशीर झाला तर पंचमी गेली. आणि वाटेत पाडली तर ही गेली.

ही आली आणि मागं आडवी बसली. एका हातात दुरडी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. तोवर दिवसाउजेडी, माणसांसमोर तिनं मला कधी हात लावला नव्हता. "हं, चला," म्हणाली.

बारीक भुरभुर होती. नारायणगाव ओलांडलं, तोवर ठीक. मी गाडी इतकी हळू चालवत होतो, की सायकलवाले पुढं जात होते. कळंबच्या अलीकडं रस्ता नदीकडं उतरतो. त्या उतारावर समोर मेंढरं. धनगराचा सगळा कळप रस्ताभर, मधे एक घोडं, घोड्यावर कोंबड्या. माझे हात गेले छातीकडं. गाडी खवळली. मी "हो, हो रं" म्हणतोय आणि आणखी ओढतोय. त्या वेळी हिची थाप खांद्यावर पडली, चांगली जोरात, आणि कानापाशी आवाज आला, "सैल सोडा. अवं, हात सैल सोडा."

बैलगाडीतला माणूस मी. ब्रेक मार म्हटलं असतं तर मला कळलं नसतं, पण सैल सोड हे हाताला कळलं. मूठ सुटली. इंजिनाची बोंब खाली बसली, पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि गाडी थांबली ती एका मेंढराच्या शेपटाला चाक लावून. धनगर म्हणाला, "पावणं, मेंढरू घ्यायचंय का?" मी घामानं चिंब. मागं वळून हिला विचारलं, तुला कसं कळलं. म्हणाली, "गोठ्याच्या दारातनं रोज बघत व्हते की. तुमी वढलं की ती पळती. बैलाला वढून थांबवायचं आन् हिला सोडून. मला वाटलं, तुमास्नी ठाव असंल." मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तुमी माझ्यावर चिडला व्हता ना." आणि हसली. ह्या वेळी मला राग आला नाही.

तिथून पुढं आमचं ठरूनच गेलं. काही आडवं दिसलं की ती थाप मारायची आणि मी हात सैल सोडायचो. नंतर मला चांगलं यायला लागलं, लाल गाडी गेली, दुसरी आली, तिसरी आली, पोरं झाली, ती मधे बसायला लागली, मोठी झाली आणि उतरून गेली. थाप काही बंद झाली नाही. गतिरोधक आला की थाप, वळण आलं की थाप. कधी कधी मी चिडायचो, "दिसतंय मला." ती म्हणायची, "दिसू द्या. मी माझं काम करती." आता खरं सांगतो, शेवटची काही वर्षं मला संध्याकाळचं नीट दिसत नव्हतं. ते तिला ठाऊक होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

अवसरीला पोचलो तेव्हा उजेड होता. हिच्या दारापुढं कडुलिंब, त्याला झोका बांधलेला, आणि भोवती आळीतल्या लेकी. गाडीचा आवाज ऐकून सगळ्या वळल्या. एकजण म्हणाली, "इंदे, मुराळी कोन आलाय गं?" दुसरी म्हणाली, "ह्यो तुझा भाऊ का नवरा? आदी सांग, मंग आमी हसतो." सासू आतनं आली. सकाळपासून तिनंही काही खाल्लं नव्हतं. तिनं लेकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. मग आत जाऊन टॉवेल-टोपी घेऊन आली. मुराळ्याला द्यायचा मान असतो तो. पुतण्यासाठी आणून ठेवलेला होता. जावयाला हा मान द्यायची रीत नाही, पण तिनं माझ्या डोक्यावर स्वतःच्या हातानं टोपी घातली आणि म्हणाली, "आता दरसाल तूच ये." मी म्हटलं, "येतो."

सासू पानं वाढत होती तोवर ही झोक्यावर चढली होती. हिरवं लुगडं वर जायचं, खाली यायचं. मी ओसरीवर नवी टोपी घालून दिंडं खात बसलो. तूप कोपरापर्यंत ओघळत होतं. आयुष्यात एवढा मोठा माणूस मी पुन्हा कधी झालो नाही.

दरसाल मी मुराळी झालो. सासू गेली, तरी झालो. घर पडलं, तिथं चुलतभावाच्या पोरांनी कॉलेजातल्या मुलांसाठी खोल्या बांधल्या, तरी पंचमीला आम्ही गाडीवर जायचो, कडुलिंबाखाली जरा वेळ बसायचो, ही बुंध्याला लाह्या वाहायची आणि आम्ही परत यायचो. झोका नव्हता. फांदीला दोराचा वळ मात्र राहिला आहे.

परवा हिला सावडलं. अस्थींचं गाठोडं रिवाजाप्रमाणे घराबाहेर, बांधावरच्या बाभळीला टांगलं. मुलगा म्हणाला, "दादा, गुरुवारी आळंदीला नेऊ. मोठी गाडी सांगितलीया, सगळी जाऊ." मी हो म्हटलं. भावकीतनं पिठलं-भाकरी आली होती, ती खाल्ली. हिनं सपाट केलेल्या पिठाच्या डब्याला कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली. तिच्या आईनं दिलेली टोपी केव्हाच विरून गेली, म्हणून पेटीतली दुसरी धुतलेली घातली. बाभळीचं गाठोडं सोडलं आणि गाडीच्या मागच्या सीटवर, ही बसायची तिथं, तिच्याच लुगड्याच्या पट्टीनं बांधलं. माझी चुलती नव्वदीला टेकलीय, ती ओट्यावरनं बघत होती. म्हणाली, "सुतकात कुठं रं? आन् गुरवारी जायचंय न्हवं?"

"गुरवारी सगळी जातील. आधी माहेरी नेतो. मूठभर तिथं ठेवतो."

"पंचमीला अजून येळ हाय."

"हाय. पर दुसरं कोन यायचंय तिला न्यायला?"

मी किक मारली आणि तसाच थांबून राहिलो. इंजिन चालू, पाय खाली. बराच वेळ थांबलो असणार, कारण चुलती हळूच म्हणाली, "हं. जा आता."

नारायणगाव गेलं, कळंबचा उतार गेला, मंचर गेलं. मी कुठं दुसऱ्या गेअरच्या वर गेलो नाही. मागनं लोक हॉर्न देत होते. अवसरीला खोल्यांच्या पुढं मुलांच्या गाड्या लावलेल्या होत्या, सगळ्या माझ्या गाडीहून मोठ्या. कडुलिंब दिसला. खांद्यावर काही पडलं नाही. मी आपणच हात सैल सोडला, आणि गाडी झाडाखाली जाऊन थांबली.

"इंदू," म्हणालो, "उतर. आलं."